हजार टेकड्यांच्या वाटेवरचा शेतकरी

डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग ही दक्षिण आफ्रिकेतील दोन शहरांची नावे मराठी वाचकाला प्रथम भेटतात ती गांधीजींच्या चरित्रात. १८९३ च्या जून महिन्यात डर्बनहून निघालेल्या आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून एका तरुण भारतीय बॅरिस्टरला पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर उतरवून देण्यात आले आणि थंडीत काढलेल्या त्या रात्रीने एका मोठ्या लढ्याला जन्म दिला. याच दोन शहरांना जोडणारा एक जुना डोंगरी रस्ता आहे. त्या रस्त्यावर दरवर्षी कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाची शर्यत भरते. नावात मॅरेथॉन असली तरी अंतर नेहमीच्या मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक, सुमारे ८७ ते ९० किलोमीटर आहे. अलीकडच्या वर्षांत भारतातूनही शेकडो हौशी धावपटू या शर्यतीला जातात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, नोकरी-व्यवसाय सांभाळून पहाटे सराव करणारे त्यांत पुष्कळ असतात.

या वाटेच्या साधारण मध्यावर ड्रमंड नावाचे ठिकाण लागते. तेथे रस्त्याकडेच्या दरडीत बसण्याजोगा एक कोनाडा आहे. धावपटू तेथे क्षणभर थांबतात, रस्त्याकडेचे एखादे फूल किंवा हिरवे पान वाहतात, टोपी काढून सुप्रभात म्हणतात आणि पुढे निघतात. असे केले की उरलेली अर्धी वाट सुखरूप पार पडते, अशी समजूत आहे. हा कोनाडा ‘आर्थरची बैठक’ म्हणून ओळखला जातो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या आर्थर न्यूटन यांनी धावण्याचा नेटाने सराव सुरू केला तेव्हा त्यांचे वय ३८ वर्षांचे होते, आणि त्यामागचे कारण खेळाचे नव्हते.

आर्थर न्यूटन यांचा जन्म २० मे १८८३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी झाला. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत गेले. साम्राज्याच्या त्या दिवसांत इंग्रज घरांतील अनेक तरुण मुले अशी वसाहतींची वाट धरत. तेथे आधी काही वर्षे नोकरी करून पुढे त्यांनी नाताळच्या दक्षिण भागात, हार्डिंग गावाजवळ शेतजमीन घेतली. पहिल्या महायुद्धात लष्करात काम करून ते परतले तेव्हा शेताची घडी विस्कटलेली होती. ती नव्याने बसवण्यात त्यांनी आपली कमाई आणि कष्ट ओतले. तरुणपणी चालण्या-धावण्याची आवड असलेला, पाइप ओढणारा, वाचन करणारा, काहीसा एकांतप्रिय असा हा शेतकरी तसाच म्हातारा झाला असता, तर त्याचे नाव हार्डिंगबाहेर कोणाला कळले नसते.

संकट आले ते सरकारी धोरणाच्या रूपाने. न्यूटन यांच्या शेताभोवतीचा परिसर कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी राखण्याचे ठरले. त्यामुळे आपली शेती चालणार नाही, जमिनीला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि वर्षानुवर्षांची मेहनत मातीमोल होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी अर्ज केले, भरपाई मागितली. उत्तरे आली नाहीत, आली ती टाळाटाळीची होती. एका दूरच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची राजधानीतल्या कोणालाही गरज वाटत नव्हती.

तेव्हा न्यूटन यांनी एक विलक्षण हिशेब मांडला. अनोळखी माणसाचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही, नामवंत माणसाचे मात्र वर्तमानपत्रे छापतात आणि लोक वाचतात. मग नामवंत व्हावे कसे? पैसा नव्हता, वशिला नव्हता. मैदानी खेळात निर्मळपणे मिळवलेल्या नावाला समाज मान देतो, हे त्यांनी पाहिले होते. पळण्याला साधने लागत नाहीत, दोन पाय आणि एक रस्ता पुरेसा होतो. शिवाय नुकतीच एक अशी शर्यत सुरू झाली होती की तिच्यात वेगापेक्षा चिकाटीला किंमत होती. आपण चपळ नाही, पण चिवट आहोत, हे त्यांना ठाऊक होते. आपले नाव लोकांच्या तोंडी यावे आणि त्या नावाच्या आधारे आपली बाजू मांडावी, एवढ्यासाठी त्यांनी धावायचे ठरवले.

ती शर्यत व्हिक क्लॅपहॅम या रेल्वेच्या इंजिनचालकाने सुरू केली होती. महायुद्धात क्लॅपहॅम पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत शेकडो मैल चालले होते. या मोहिमेत मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नसावे, त्यांनी सोसलेल्या श्रमाची आठवण श्रमानेच जागवावी, असे त्यांना वाटे. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग पायी शर्यत भरवण्याची त्यांची सूचना माजी सैनिकांच्या संघटनेने आधी वेडेपणाची म्हणून फेटाळली. अखेर एक पौंड उसना देऊन तिला परवानगी मिळाली. २४ मे १९२१ रोजी पहिली शर्यत झाली. ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले. बिल रोवन या शेतकऱ्याने ती ८ तास ५९ मिनिटांत जिंकली.

रस्ता मोठा देखणा आहे. डर्बनच्या बाजूला हिंदी महासागराची दमट हवा आणि हिरवाई आहे. याच किनारपट्टीवरच्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८६० पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले होते. शहर मागे पडते न पडते तोच चढण सुरू होते. काउइज हिल, मग फील्ड्स हिल, मग बोथाज हिल. बोथाज हिलच्या माथ्यावर आले की एका बाजूला हजार टेकड्यांचे खोरे उलगडते. एकीमागून एक उठलेल्या गवताळ टेकड्या, त्यांच्या उतारांवर झुलूंची गोल घरे, सकाळी तळाशी साठून राहिलेले धुके आणि त्याखालून वाट काढणारी उमगेनी नदी. पुढे ड्रमंड आणि त्यानंतर इंचांगाचा चढ. मग मोकळे माळरान लागते आणि समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून अधिक उंची गाठली जाते. पीटरमारित्झबर्ग जवळ आले, असे वाटू लागते तेव्हा पॉली शॉर्ट्स नावाचा शेवटचा खडा चढ समोर उभा राहतो. मे महिना तेथे हिवाळ्याच्या तोंडावर येतो. पहाट गार असते, दुपारचे ऊन मात्र भाजून काढते. न्यूटन यांच्या काळात हा रस्ता बहुतांशी कच्चा होता. गाडी गेली की धुळीचा लोट उठे आणि धावणाऱ्याच्या नाकातोंडात जाई.

१ जानेवारी १९२२ रोजी न्यूटन यांनी सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ते जेमतेम दोन मैल धावले आणि अंग आंबून गेले. शर्यतीला पाच महिनेही उरले नव्हते. त्या काळची शिकवण अशी होती की धावपटूने फार धावू नये, शक्ती राखून ठेवावी, चालणे अधिक करावे आणि अधूनमधून वेगाचा सराव करावा. न्यूटन यांनी आधी तसे करून पाहिले, मग शेतकऱ्याच्या बुद्धीने विचार केला. नांगर धरायला शिकायचे तर नांगरच धरावा लागतो. लांब धावायला शिकायचे तर रोज लांब धावले पाहिजे. दम लागेल इतक्या वेगाने धावण्याचे त्यांनी सोडून दिले. बोलता येईल अशा संथ गतीने ते रोज निघू लागले आणि अंतर हळूहळू वाढवत नेले. पाऊल लहान, जमिनीपासून फार न उचललेले. हात खाली, सैल. चढावर आणखी लहान पाऊल. काही आठवड्यांत शरीर या श्रमाला रुळले.

२४ मे १९२२ रोजी पहाटे डर्बनमधून दुसरी कॉम्रेड्स शर्यत निघाली. या वेळी दिशा उलटी होती. समुद्राकडून डोंगराकडे, म्हणजे चढाच्या बाजूने जायचे होते. न्यूटन यांना ३९ वर्षे पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते. भोवती तरुण धावपटू होते, आदल्या वर्षीचा विजेताही होता. सुरुवातीला पुढे धावलेल्यांकडे न्यूटन यांनी लक्ष दिले नाही. आपली गती त्यांनी सोडली नाही. टेकड्या सुरू झाल्या तसे पुढचे एकेक जण चालू लागले, थांबू लागले, आणि त्यांना मागे टाकत हा पोक्त शेतकरी पुढे सरकत राहिला. शेवटच्या टप्प्यात त्यांचीही शक्ती सरत आली होती, पण ८ तास ४० मिनिटांनी पीटरमारित्झबर्गला पहिले पोहोचले ते न्यूटनच. शर्यत संपली तेव्हा नाताळमधील वर्तमानपत्रांना त्यांचे नाव ठाऊक झाले होते.

तो योगायोग नव्हता, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. १९२३ मध्ये उलट दिशेने, डोंगराकडून समुद्राकडे धावताना त्यांनी ६ तास ५६ मिनिटांची वेळ दिली. रोवन यांच्या वेळेपेक्षा ती दोन तासांहूनही कमी होती. त्याच वर्षी फ्रान्सिस हेवर्ड या तरुणीचा अर्ज ती स्त्री आहे म्हणून नाकारण्यात आला. तरीही ती धावली आणि पोहोचली. तिला पदक मिळाले नाही, पण प्रेक्षकांनी वर्गणी काढून तिचा सत्कार केला. १९२४ आणि १९२५ मध्येही न्यूटनच जिंकले. १९२६ मध्ये हॅरी फिलिप्स यांनी त्यांना हरवले. १९२७ मध्ये, ४४ वर्षे पूर्ण केलेल्या न्यूटन यांनी पाचव्यांदा शर्यत जिंकली. चढाच्या बाजूने त्यांच्या तीन विजयांच्या वेळा पुढे ठेवल्या की सारी कथा कळते: ३९ व्या वर्षी ८ तास ४० मिनिटे, ४१ व्या वर्षी ६ तास ५८ मिनिटे, ४४ व्या वर्षी ६ तास ४० मिनिटे. तोच डोंगर, तेच पाय. वय पाच वर्षांनी वाढले आणि वेळ दोन तासांनी घटली.

दरम्यान, ज्याच्यासाठी हे सारे आरंभले होते त्या गाऱ्हाण्याचे काय झाले? न्यूटन प्रसिद्ध झाले, त्यांची बाजू छापून आली, लोकांनी सहानुभूती दाखवली. सरकार मात्र हलले नाही. भरपाई मिळाली नाही. १९२५ मध्ये ते शेत सोडून, जवळजवळ रिकाम्या हातांनी, उत्तरेला ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत बुलावायो येथे गेले. १९२७ चा विजय त्यांनी तेथून येऊन मिळवला. धावण्याचा मूळ हेतू तोवर संपला होता, तरी धावणे थांबले नव्हते. साधन म्हणून हाती घेतलेल्या गोष्टीची त्यांना गोडी लागली होती. माणसाच्या शरीराची तग धरण्याची मर्यादा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न आता त्यांना शेताइतकाच मोलाचा वाटू लागला होता.

या प्रश्नाच्या मागे ते जगभर फिरले. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन हे ५२ मैलांहून अधिक अंतर त्यांनी ५ तास ५३ मिनिटे ४३ सेकंदांत कापले होते. जुलै १९२७ मध्ये ऱ्होडेशियात ग्वेलो ते बुलावायो मार्गावर शंभर मैलांसाठी त्यांनी १४ तास ४३ मिनिटे घेतली. जानेवारी १९२८ मध्ये इंग्लंडच्या बाथ रस्त्यावर ती वेळ १४ तास २२ मिनिटांवर आणली. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी सुमारे ३,४०० मैलांची, रोज एक टप्पा पार करण्याची शर्यत तेथे जाहीर झाली होती. बक्षीस पैशांचे होते, त्यामुळे हौशी खेळाडूचा दर्जा कायमचा जाणार होता. शेत गमावलेल्या माणसाला पोटाचाही विचार करावा लागतो. न्यूटन यांनी व्यावसायिक होणे पत्करले.

मार्च १९२८ मध्ये १९९ धावपटू निघाले. न्यूटन संभाव्य विजेत्यांत गणले जात होते आणि पहिल्या काही दिवसांत आघाडीवरही होते. पण रोजच्या मारात टाचेमागचा स्नायुबंध दुखावला आणि ॲरिझोनात त्यांना थांबावे लागले. चाळिशीनंतर शरीराचा दम वाढवता येतो, पण स्नायुबंध तरुणाइतक्या लवकर भरून येत नाहीत, हा धडा त्यांना महागात पडला. तरीही ते घरी गेले नाहीत. इतर धावपटूंना सल्ला देत, त्यांची गती आखून देत ते या ताफ्याबरोबर राहिले. न्यूयॉर्कला ५५ जण पोहोचले. विजेता अँडी पेन हा ओक्लाहोमाचा विशीतला शेतकरी मुलगा होता. पुढच्या वर्षी हीच शर्यत उलट दिशेने झाली. तिच्यात न्यूटन यांना मोटारीची धडक बसून दुखापत झाली. आयोजक दिवाळखोर झाल्याने त्या वर्षी जिंकलेल्यांनाही ठरलेली रक्कम मिळाली नाही.

या शर्यतींतून न्यूटन यांना एक जिवलग सोबती मिळाला, पीटर गावुझी. इंग्लंडचा हा तरुण धावपटू त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान होता. दोघांनी पुढची काही वर्षे कॅनडात जोडीने काढली. उन्हाळ्यात जोडीच्या दीर्घ शर्यती, हिवाळ्यात बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली रुंद जाळीदार चौकटी बांधून धावण्याच्या शर्यती. १९३१ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे बंदिस्त मैदानावर चोवीस तासांची शर्यत झाली. तिच्यात ४७ वर्षांच्या न्यूटन यांनी १५२ मैल ५४० यार्ड, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम पुढे बावीस वर्षे टिकला. १९३४ च्या जुलैमध्ये ते पुन्हा बाथ रस्त्यावर उभे राहिले. वय ५१. शंभर मैलांना १४ तास ६ मिनिटे लागली. सहा वर्षांपूर्वीचा आपलाच विक्रम त्यांनी सोळा मिनिटांनी सुधारला आणि स्पर्धात्मक धावण्याचा निरोप घेतला.

न्यूटन यांनी विक्रमांबरोबर विचारही मागे ठेवला, आणि तोच अधिक टिकला. त्यांची पुस्तके १९३० आणि १९४० च्या दशकांत प्रसिद्ध झाली. त्यांतील शिकवण साधी आहे. धावण्यात सातत्य हवे. आठवड्यातून एकदा जिवावर उदार होण्यापेक्षा रोज बेताने धावणे बरे. सरावात शर्यत लावू नये, शर्यत वर्षातून मोजक्या दिवशीच करावी. आधी अंतर वाढवावे, वेग आपोआप येतो. आरंभी वेगाने धावून मिळवलेली मिनिटे शेवटी व्याजासकट परत द्यावी लागतात, म्हणून पहिल्या पावलापासून गती एकसारखी राखावी. थकवा दिसू लागला तर अंतर कमी करावे, पण घरी बसून राहू नये. दीर्घ धावण्यात घामाबरोबर मीठ जाते, म्हणून ते लिंबाच्या सरबतात भरपूर साखर आणि थोडे मीठ घालून घेत. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला जे लिंबूसरबत देतात, त्याहून ते फारसे वेगळे नव्हते. चहाचे आणि तंबाखूचे त्यांचे प्रेम मात्र शेवटपर्यंत सुटले नाही, आणि त्यातल्या तंबाखूचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

या शिकवणीमागचे शरीरशास्त्र पुढे स्पष्ट झाले. संथ, दीर्घ आणि नियमित श्रमाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते आणि चरबीचे इंधन वापरण्याची स्नायूंची क्षमता वाढते. या गोष्टी घडायला महिने-वर्षे लागतात, आणि मध्यम वयातही त्या घडतात. झटक्याचा वेग वयाबरोबर लवकर ओसरतो. तग धरण्याची शक्ती त्यामानाने सावकाश ओसरते. शिवाय गती आखण्याचे शहाणपण वयाने वाढते. तिशीनंतर धावपटू संपला असे मानणाऱ्या जमान्यात न्यूटन यांनी हे कोणत्याही प्रयोगशाळेविना, आपल्याच पायांवर तपासून पाहिले होते. त्यांनी ठेवलेल्या नोंदींनुसार त्यांच्या धावण्या-चालण्याची बेरीज एक लाख मैलांच्या पलीकडे गेली होती.

उतारवयात ते लंडनच्या सीमेवरील राइस्लिप येथे राहत. त्यांचे छोटे घर धावपटूंसाठी सदैव उघडे असे. कोणीही यावे, चहा घ्यावा, आपली अडचण सांगावी. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला इंग्लंडमध्ये नवे दिवस आणणाऱ्या मंडळींत ते होते. १९५१ पासून लंडन-ब्रायटन ही शर्यत दरवर्षी होऊ लागली. १९५३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे वॉली हेवर्ड इंग्लंडला आले. त्यांनी लंडन-ब्रायटन जिंकली आणि चोवीस तासांत १५९ मैलांहून अधिक धावून न्यूटन यांचा १९३१ चा विक्रम मोडला. आपलाच विक्रम मोडायला निघालेल्या या माणसाला सत्तरीतले न्यूटन हौसेने मदत करत होते. पुढच्याच वर्षी हेवर्ड यांनी ४५ व्या वर्षी कॉम्रेड्स जिंकली आणि वयाच्या बाबतीतही गुरूला मागे टाकले. ७ सप्टेंबर १९५९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी आर्थर न्यूटन यांचे निधन झाले.

या आयुष्याचा हिशेब मांडताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. न्यूटन यांचे गाऱ्हाणे त्यांच्यापुरते खरे होते. कष्टाने उभी केलेली शेती धोरणाच्या एका फटकाऱ्याने जाणे कोणालाही सोसवणार नाही. पण ज्या देशात हे घडत होते, तेथे १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांना सुमारे सात टक्के जमिनीपुरते कोंडले होते. ज्या झुलूंच्या घरांवरून शर्यतीची वाट जाई, त्यांचे गाऱ्हाणे कितीतरी मोठे होते, आणि ते मांडण्यासाठी शर्यतीचा मार्गही त्यांना मोकळा नव्हता. कॉम्रेड्स मॅरेथॉन ही गोऱ्या पुरुषांची शर्यत होती. काळे धावपटू, भारतीय वंशाचे धावपटू आणि स्त्रिया यांना तिच्यात अधिकृतपणे प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. गांधीजींना फलाटावर उतरवणारी वृत्ती आगगाडीच्या डब्यापुरती नव्हती. ती या सुंदर रस्त्यावरही अर्धशतकाहून अधिक काळ पहारा देत होती. न्यूटन यांनी आपल्या हक्कासाठी धावण्याचा मार्ग निवडला, तो निवडण्याची मुभा त्यांच्या वर्णाने त्यांना दिली होती.

तरीही त्यांनी शोधलेले सत्य कोणा एका वर्णाचे राहिले नाही. १९७५ नंतर त्या रस्त्यावर उतरलेल्या काळ्या धावपटूंनी ही शर्यत पुढे आपली केली. त्या रस्त्यावरचा वयाचा धडाही पुढे चालू राहिला. न्यूटन यांना पाहिलेले, त्यांच्याशी बोललेले वॉली हेवर्ड १९८८ मध्ये, ७९ व्या वर्षी पुन्हा कॉम्रेड्समध्ये उतरले आणि दहा तासांच्या आत पोहोचले. पुढच्या वर्षी, ८० व्या वर्षी ते पुन्हा आले. या वेळी पाय साथ देत नव्हते. अकरा तासांची मुदत संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा, अडखळत, तोल सावरत त्यांनी शेवटची रेषा ओलांडली. धावण्याला वयाची मर्यादा नाही, असे यातून सिद्ध होत नाही. मर्यादा आहे, फक्त ती लोक सांगतात तेथे नसते, बरीच पुढे असते. ती कोठे आहे हे बेताबेताने, दररोज, स्वतःच जाऊन पाहावे लागते.

हार्डिंगजवळचे ते शेत न्यूटन यांना परत मिळाले नाही. सरकारदरबारी त्यांचा अर्ज कोणत्या कपाटात पडून राहिला, याची आज कोणाला आठवण नाही. ड्रमंडजवळच्या दरडीतील कोनाड्यात मात्र दरवर्षी शर्यतीच्या दिवशी फुलांचा आणि पानांचा ढीग जमतो. ती वाहणाऱ्यांत झुलू असतात, गोरे असतात, भारतीय असतात, स्त्रिया असतात, आणि ज्यांच्या केसांत पांढरे डोकावू लागले आहे असे पुष्कळ असतात. समोर हजार टेकड्यांचे खोरे पसरलेले असते आणि अर्धी वाट अजून बाकी असते.